हाकेचं तळं

घाट चढून वर आलं की मोहरवाडीच्या वेशीआधी हे पहिलं पाणी लागतं. तळं म्हणतात, पण आहे ते कातळातलं खोलगट भांडंच. वैशाखातही तळ दिसत नाही. थांबा पाव्हणं, बाटली लगेच बुडवू नका. इथं पाण्याला हात लावण्याआधी आपलं नाव आणि गाव मोठ्यानं सांगायचं असतं. ऐकू येईल एवढ्या अंतरावर जो कोणी असेल त्यानं हातातलं काम टाकून ओ द्यायची, "ओऽ, भरा!" म्हणायचं. ओ आली की मगच घागर बुडवायची. तो जांभळीखाली दगडांचा ढीग दिसतोय ना, त्याला शेंदूर नाही, वर झेंडाही नाही. त्याचीही हीच गोष्ट. तहान फार लागली नसेल तर बसा, सांगतो.

कुठल्या राजाच्या अमलातलं हे, ते कोणी नक्की सांगत नाही. घाटानं बैलांचे तांडे चालत होते आणि वाटसरूंना सुखरूप वर आणायची जबाबदारी आमच्या गावावर होती, एवढं ठाऊक आहे. त्या बदल्यात गावाला जमिनी होत्या. वाटसरूच्या केसाला धक्का लागला तर जमिनी जायच्या आणि पाटलाचं डोकंही जायचं.

तेव्हा गावात हैबती नावाचा एक तिरंदाज होता. रानडुकरं आणि सांबरं पिकात शिरू नयेत म्हणून गावानं त्याला राखणीला ठेवलं होतं. लहानपणी त्यानं कधी तरी देवळात दशरथ राजाची कथा ऐकली होती. राजा नुसत्या आवाजावर बाण सोडतो आणि तो चुकत नाही, हे ऐकून पोराच्या डोक्यात तेवढंच बसलं. पुढं त्या बाणानं श्रावणबाळ मेला, त्याचे आंधळे आईबाप तडफडून गेले, राजाला शाप लागला, हे सगळं त्यानं ऐकलं असणारच. पण त्यानं कथेतून उचलला तो बाण. डोळ्यांवर फडकं बांधून तो सुक्या पानांच्या आवाजावर नेम धरायला शिकला. मोठा झाल्यावर गाव कौतुकानं त्याला 'आमचा दशरथ' म्हणू लागलं. त्यालाही ते आवडायचं.

आषाढ होता, असं सांगतात. आषाढात इथं भर दुपारी असं धुकं उतरतं की आपला हात आपल्याला दिसत नाही. हैबती त्या वरच्या टेपाडावर बसला होता. तळ्याच्या बाजूनं गुडगुड असा आवाज आला. पाण्यावर सांबर आलं असं त्याला वाटलं. त्यानं हाक मारून विचारलं नाही. विचारलं असतं तर सांबर पळालं असतं. त्यानं बाण सोडला. बाण चुकला नाही.

खाली येऊन बघतो तर पाण्याच्या काठाला एक तरणा माणूस पडलेला, हातात तांब्याची कळशी. जीव गेलेला होता. हैबती त्याच्या उशाशी बसला. आणि तेवढ्यात खालून, घाटाच्या वळणावरून, एका बाईची हाक आली.

"जानूऽऽ! अरे जानूऽऽ!"

मागोमाग पुरुषाचा आवाज आला, दमलेला. परत बाईचा. हैबतीच्या तोंडाशी ओ आली होती म्हणे. पण ओ दिली तर वर येणार, वर आले की बघणार. त्यानं दातांखाली मनगट धरलं आणि गप्प राहिला. हाका येत राहिल्या. नंतर आवाज बसत गेला.

तो मागच्या वाटेनं पाटलाकडं धावला. पाटलाचं नाव नागोजी. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. त्यानं चार मोठ्या माणसांना बोलावलं.

हैबती म्हणाला, "त्येची आई खाली हाका मारतीया. म्या जातो. सांगतो तिला."

नागोजी म्हणाला, "आन् काय सांगशील? ज्यांची राखण करायची त्यांनाच मारलं म्हणून? अरं, एका माणसापायी गाव उठंल. जमिनी गेल्या की पोराबाळांनी कुठं जायचं?"

हैबतीनं पुन्हा विचारलं नाही. गावातल्या एकानंही विचारलं नाही. धुक्याआड त्यांनी त्या पोराला जांभळीखाली पुरलं, वर दगड रचले आणि ते पाल्यानं झाकले. कळशीही आत टाकली.

धुकं थोडं विरलं तेव्हा नवरा-बायको चढून वर आली. खाली कोकणातले कुणबी होते ते, धाकोजी आणि आवडाई. देशावरच्या कुलदैवताला निघाले होते. तहान लागली म्हणून लेक कळशी घेऊन पुढं आला होता. पाटील सामोरा गेला, त्यांना घरी नेलं, जेवायला वाढलं आणि सांगितलं, "इकडं कोणीच आलं न्हाई, बाई." मग गावानं त्यांच्याबरोबर रान धुंडाळलं. ज्याला आपल्या हातानं पुरलं त्याच्या नावानं सगळं गाव कड्याकड्यावर हाका मारत फिरलं. सांगताना आजही मान खाली जाते. हैबतीही फिरला. त्याच्या तोंडून मात्र आवाज निघत नव्हता.

पुढच्या वर्षी ती दोघं परत आली. पोरगा इथून नाहीसा झाला, तर इथंच सापडेल अशी त्यांची समजूत. आवडाईची नजर त्या दगडांवर गेली.

"हे काय? मागच्या खेपेला मी हे पायलं नव्हतं."

पाटलाची बोबडी वळली. आणि मग हैबतीला गाव ज्या नावानं हाक मारायचं त्यावरूनच असेल, पाटलाच्या तोंडात आलं, "ही श्रावणबाळाची समाधी, बाई. इथंच दशरथानं त्याला मारला. झाडीत झाकलेली होती, औंदा साफ केली."

आवडाईनं दगडांवर डोकं टेकलं. "बाबा, तू आयबापाची सेवा केलीस. माझ्या जानूला परत आण," असं म्हणाली. हैबती तिथंच उभा होता.

खोटं एकदा देवाच्या नावानं बोललं गेलं, मग ते आवरायचं कोणी? आवडाईनं खाली कोकणात सांगितलं. तांड्यांनी देशावर नेलं. बघता बघता माणसं येऊ लागली. म्हातारे आईबाप लेकांना घेऊन यायचे, दगडांवर हात ठेवून लेकांकडून शपथ घ्यायचे. जत्रा भरू लागली. नारळवाले आले, गाव सुखावलं. जी पोरं नंतर जन्मली त्यांना तर ती खरीच श्रावणाची समाधी वाटायची. पाटीलसुद्धा शेवटी शेवटी खऱ्या भक्तीनं हात जोडायचा म्हणतात. आपणच रचलेल्या दगडांपुढं माणूस असा झुकतो.

एकट्या हैबतीला तसं करता आलं नाही. त्या तळ्याचं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नसे. तो ओढ्यावरून पाणी आणायचा. धनुष्य त्यानं आढ्याला टांगलं ते खाली काढलं नाही. जत्रेच्या दिवशी आवडाई यायची, दगड धुवायची, कोकणातून आणलेली फुलं वाहायची आणि परक्याच्या नावानं आपल्याच लेकाला साकडं घालायची. हैबती लांबून बघायचा. सांगावं म्हणून दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी जांभळीपाशी पाय अडायचे.

अशी वर्षं गेली. एका वर्षी आवडाई एकटीच आली. धाकोजी गेला होता. शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून झोपायचा, असं तिनं पाटलीणबाईला सांगितलं.

त्याच वर्षी जत्रेला देशावरून एक कीर्तनकार आले होते. दुपारी जांभळीच्या सावलीत कीर्तन लागलं. आख्यान अर्थातच श्रावणाचं. गळा असा की माणसं रडायला लागली. राजा कमंडलू घेऊन आंधळ्या आईबापांकडं निघाला, त्याच्या पावलांच्या आवाजावर म्हातारी म्हणाली, 'आलास का रे बाळा? बोलत का नाहीस?' इथवर बुवा आले, आणि पुढं बसलेली आवडाई मध्येच बोलली. बुवांना नाही, कोणालाच नाही, आपली आपल्याशी बोलावं तशी.

"राजा भला होता. मारलान, चुकी झाली. पण पाणी घेऊन गेला. तोंडानं सांगितलान. माझ्या पोराचं मला कोणी सांगत पण नाय."

बुवांची चिपळी थांबली. मागं बसलेला हैबती उठला. तो तळ्यावर गेला, कोणाची तरी घागर उचलली, इतक्या वर्षांत ज्या पाण्याला हात लावला नव्हता ते भरलं आणि माणसांमधून वाट काढत आवडाईपुढं येऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं.

"कोण रे तू?"

"त्या दिवशी तुमच्या हाकंला ज्यानं ओ दिली न्हाई, त्यो म्या."

पाटील धावत आला. "बाई, ह्येचं डोकं फिरलंय, लक्ष देऊ नका—" पण हैबतीनं घागर खाली ठेवली आणि दगड उचलायला सुरुवात केली. नखं फुटली तरी थांबला नाही. खालून तांब्याची कळशी निघाली, हिरवी पडलेली. आवडाईनं ती ओळखली. तिच्या माहेरची होती.

"श्रावण न्हाई, आई," हैबती म्हणाला. "तुमचा जानूच हाय. आवाजावर बाण मारला म्या. मग गप बसलो. समदं गाव गप बसलं."

जत्रेतल्या प्रत्येकाला पुढची कथा ठाऊक होती. श्रावणाच्या बापानं राजाला शाप दिला, तसा आता हिच्या तोंडून निघणार. बायांनी पोरं पदराखाली घेतली. हैबती तर गुडघ्यांवर बसून शापाची वाटच बघत होता. शाप मिळाला असता तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं, असं आमची म्हातारी माणसं म्हणायची.

आवडाई त्या कळशीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली,

"त्याला श्रावण का केलात? तो तसा नव्हता. आयबापाला कावडीत घालून नेणारा नव्हता तो. हट्टी होता. माझ्याशी भांडायचा. त्या दिवशी पण, 'आये, तुला सारखी तहान कशी लागते,' असा ओरडला नि पाय आपटीत वर आला. मारलात ते मारलात. वर दुसऱ्याचं नाव घातलात. एवढी वर्सं मी कुणाच्या नावानं रडल्ये?"

हैबती म्हणाला, "शाप द्या, आई."

"नाय देणार," ती म्हणाली. "शाप दिला की तू मोकळा. तू हितंच बस. पाण्याला कोण येतो, त्याला नाव विचार. आणि ओ दे. कोणी पण हाक मारली तरी ओ दे. मी दिलेल्या हाका हितं कुठं तरी असतीलच."

मग तिनं घागरीतलं पाणी घेतलं. कोणी म्हणतात ती प्यायली, कोणी म्हणतात तिनं ते सगळं दगडांवर ओतलं. आमच्या घरात सांगतात की अर्धं ओतलं आणि अर्धं प्यायली, कारण तहान त्या दिवसापासूनची होती.

नागोजी स्वतः दरबारात गेला आणि सगळं सांगून आला. आपणहून सांगितलं म्हणून त्याचं डोकं राहिलं, पण जमिनी गेल्या. निम्मं गाव उठून गेलं. जत्राही ओसरली, कारण जिथं श्रावणच नाही तिथं कोण कशाला येईल? नारळवाल्यांनी पालं गुंडाळली. राहिलेली माणसं खडकाळ रान फोडून जगली. पण त्यानंतर आम्हाला झोप लागायला लागली, असं त्या पिढीतले लोक म्हणायचे.

हैबती मरेपर्यंत तळ्यावरच बसला. आवडाई दर वर्षी येत राहिली, गावातल्या बायांना जानूच्या गोष्टी सांगत राहिली. तिनं हैबतीला माफ केलं असं कोणी सांगत नाही. ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. फक्त काठावर उभी राहून म्हणायची, "आवडाई, जानूची आय, पाणी भरत्ये." आणि तो म्हणायचा, "ओऽ, भरा." बस्स, एवढंच. पुढं एका वर्षी तिचा यायचा दिवस आला, ती आली नाही. हैबती मात्र त्या दिवशीही घाटाच्या वळणाकडं कान लावून बसला होता.

मध्यंतरी कोणीसं सुचवलं होतं, इथं श्रावणबाळाची पाटी लावू, गाड्या येतील, गावाला बरं होईल. ग्रामसभेत तरणी पोरंच उठली आणि नको म्हणाली.

आजही आषाढात धुकं उतरलं की गाव त्या जांभळीखाली जमतं. पूजा नाही, कीर्तन नाही. एखादी म्हातारी जानूच्या गोष्टी सांगते, जशा तिनं तिच्या सासूकडून ऐकल्या: त्याला करपलेली भाकरी चालत नसे, पेज थंड झाली तर ताट सरकवायचा, बैलाशी बोलायचा पण बापाशी नाही. लोक हसतात. मग दुसरी एक बाई घाटाच्या वळणापर्यंत खाली जाते आणि तिथून, दिसत नसलेल्या गावाला, जीव तोडून हाक मारते, "जानूऽऽ!"

आणि सगळं गाव एकदम ओ देतं. पोरं देतात, म्हातारे देतात, त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनाही देतात. फार उशीर झालाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी देतात.