रोज पाच मिनिटं

“...पण गाडी रोज सुरू करतो, यात माझं चुकलं कुठं?”

निरंजन चाफेकरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. इब्राहिम उस्ताद इंजिनावर वाकले होते.

चाफेकरांनी तीस वर्षं कॉलेजात मुलांना इंजिनं शिकवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी डिझेल मिनीबस घेतली. आत पलंग बसवला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी बसवली, आणि पत्नी उषाताईंना घेऊन ते घराबाहेर पडले. तीन वर्षं दोघांचा संसार त्या गाडीतच झाला. यंदा पौषात, मिरजेजवळ गाडीतून उतरताना उषाताईंचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चार महिने प्रवासाचं नाव काढू नका.

दोघं मिरजेतच उषाताईंच्या बहिणीकडे राहिली. गाडी उस्तादांच्या गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली.

उस्ताद चौथी शिकलेले. पण आजूबाजूच्या चार तालुक्यांतले ट्रकवाले इंजिनाचा आवाज ऐकवायला त्यांच्याकडे यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी चाफेकर सरांना, गाडी कशी ठेवायची ते सांगू का, असं विचारलं होतं. सर हसून म्हणाले होते, की तो विषय मी शिकवायचो.

तेव्हापासून सर रोज सकाळी सातला येत. गाडी सुरू करत, घड्याळ लावून पाच मिनिटं चालू ठेवत, बंद करत आणि जात. महिनाभरात एक दिवस चुकला नव्हता. आज मात्र इंजिनाचा आवाज त्यांना जड वाटला, म्हणून त्यांनीच उस्तादांना हाक मारली.

उस्तादांनी इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं. उलटं केलं. सरांच्या तळहातावर ठेवलं.

आतून लोण्यासारखा पांढुरका थर साचला होता.

“हेड गॅस्केट गेलं,” सर लगेच म्हणाले. “रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरतंय.”

“रेडिएटर काठोकाठ आहे. गॅस्केट ठणठणीत आहे.”

“मग पाणी आलं कुठून?”

“तुम्ही घातलंत.”

सरांनी झाकण पुन्हा उलटसुलट करून पाहिलं.

उस्तादांनी कडप्प्याच्या फरशीवर बैठक मारली आणि सावकाश सांगितलं. थंडीतलं इंजिन पाच मिनिटांत तापत नाही. नुसतं कोमट होतं. आत जो ओलावा धरतो तो उडून जायला पुरती धग लागते. ती मिळायच्या आत तुम्ही बंद करता. आजचा ओलावा आत, उद्याचा त्याच्यावर.

सरांना हे सगळं ठाऊक होतं. फळ्यावर त्यांनी ते कितीदा लिहिलं असेल. त्यांचे कान तापले.

“मग करू काय?”

ऑइल बदला, उस्ताद म्हणाले. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरा, रिकाम्या टाकीला आतून घाम येतो. बॅटरीची एक वायर सोडून ठेवा. चाकांवरचा भार काढा, खाली लाकडी ठोकळे देऊ. महिन्यातून एकदा बाहेर काढा, पण मग चांगली तासभर चालवा. घाटाकडं न्या. अंग तापू द्या तिचं.

“आणि मधले दिवस?”

“हात लावायचा नाही.”

सरांना ते जमण्यासारखं वाटेना. रोज काहीतरी केल्याशिवाय काळजी घेतल्यासारखं वाटत नाही, असं ते म्हणाले.

उस्तादांनी फडक्याला हात पुसले.

“बाई कशा आहेत?”

“उत्तम. खुबा नव्वद अंशांत वाकतो. वॉकर घेऊन वीस पावलं. गोळ्या वेळेवर.”

“मी पायाचं विचारलं नव्हतं, सर.”

चाफेकर बोलायला गेले... आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला माहीत नाही.

ते रोज उषाताईंच्या खोलीत जात होते. दुखणं विचारत, उशी सारखी करत, गोळी देत. मग बाहेरच्या खोलीत नकाशे पसरून बसत. चार महिन्यांनी कुठं जायचं, ते ठरवायचं होतं.

त्या दिवशी ते गेले, आणि उषाताईंच्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले. उषाताईंनी विचारलं, काही हवंय का? ते नाही म्हणाले. दुपार कलली तरी ते उठले नाहीत. चहा आला, निवला. मग खिडकीबाहेर बघत उषाताई हळूहळू बोलायला लागल्या.

महिन्यानं सर शेडमध्ये आले. दोघांनी मिळून ठोकळे काढले, बॅटरीची वायर जोडली. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. आवाज मोकळा होता. सरांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना.

उस्तादांनी ठोकळे भिंतीशी रचले. सरच बोलले.

“हिच्या बहिणीच्या दारात आंबा आहे. त्याचा मोहोर गळून आता बारीक कैऱ्या धरल्यात. हिनं मला बोटानं दाखवलं. म्हणाली, तीन वर्षांत मोहोर एका गावाला बघितला, कैरी दुसऱ्या गावाला, पिकला आंबा तिसऱ्या. एक झाड पुरतं असं कधी बघितलंच नाही.”

इंजिन चालू होतं.

“मी विचारलं, बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही गाडी थांबवायचात, पण उतरल्यावर लगेच पुढचा रस्ता विचारायला जायचात.” सरांनी स्टीअरिंगवर हात ठेवले. “देश दाखवत होतो हो मी तिला... उस्ताद, आता काय करू?”

उस्ताद गाडीभोवती एक फेरी मारून आले. चारही चाकं पायानं दाबून पाहिली. मग सरांच्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

“घाटापर्यंत जा,” ते म्हणाले. “आणि येताना त्याच रस्त्यानं या. जाताना जे बघायचं राहतं, ते येताना दिसतं.”