तळ्यापलीकडची लंगडी

फार पूर्वी सागाच्या रानात रानकुत्र्यांची एक टोळी होती. ओळीने तीन वर्षं तिला धड शिकार मिळाली नाही, तेव्हा सगळ्यांनी तांबूस नावाच्या कुत्र्याला म्होरक्या केलं.

तांबूसने टोळी नव्याने उभी करायचं ठरवलं. म्हातारी कुत्री त्याने शेजारच्या टोळीला दिली आणि बदल्यात आठ चपळ पिल्लं आणली. त्यात लंगडी नावाची म्हातारीही गेली. ती कधी धावायचीच नाही. बाकीचे सांबरामागे लागले, की ती तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसायची.

"बसून राहणारीला कशाला पोसायचं?" तांबूस म्हणाला. "दोन वर्षं कळ काढा."

टोळीने उंदीर-घुशींवर दोन वर्षं काढली. पिल्लं मोठी झाली आणि खरोखरच वाऱ्यासारखी धावू लागली. तांबूसची निवड चुकली नव्हती.

एका सकाळी त्या तरण्यांनी मोठं सांबर दमवून तळ्यात घातलं, आणि आठही जण काठावर ओरडत उभे राहिले. सांबर पोहत पलीकडे गेलं. तिथे लंगडी बसली होती, आणि तिच्यामागे शेजारची टोळी.

रानकुत्र्यांत पिल्लं आधी जेवतात. त्या दिवशीही जेवली, पण शेजाऱ्यांची.

"पलीकडे बसायचं असतं, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही," एक तरणा म्हणाला.

तांबूस म्हणाला, "अजून दोन वर्षं कळ काढा."

तरणे एकेक करून पाण्यात उतरले आणि लंगडीच्या दिशेने पोहू लागले.