कातळानं दिलेली बाग

डोंगर माणसांशी बोलायचे ना, तेव्हा काय झालं, बरं का. एक होती पाथरवटीण, सगुणा तिचं नाव. नवरा देवाघरी गेलेला. घर उघड्या कातळावर, विहीर पार डोंगराखाली. पदरात एकच लेक, कोंडू. ती पायानं अधू. सगुणा आता थकली होती. आपले दिवस भरत आले, हे तिला कळत होतं. "मी गेल्यावर या बोडक्या खडकावर माझं लेकरू कुणाकडे बघून जगेल?" एवढाच घोर. मग तिनं लेकीसाठी बाग करायची ठरवली.

तिनं पाट्या भरभरून नदीकाठची माती आणली, कातळावर पसरली. पहिल्याच सरीत सगळी वाहून गेली. मग जाई आणली, मोगरा आणला, मडक्यांत लावला. घागरीवर घागरी वाहिल्या. पण चार दिवस तापानं निजली आणि रोपं करपली. कोंडू म्हणाली, "आये, मला पाणी आणता आलं नाही गं." सगुणाचं काळीज तुटलं.

मग तिनं नवऱ्याची छिन्नी काढली. आता खडकच फोडते, म्हणाली. हातोडा उगारला मात्र, कातळ बोलला, "सगुणे, पाथरवटाच्या घरची ना तू? न विचारता घाव घालतेस?"

खरंच की! पाथरवट आधी दगडाला हळदकुंकू वाहतो, मग छिन्नी लावतो. घाईत ती विसरलीच होती. तिनं हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं. "चुकले, बाबा. माझ्या माघारी जगेल अशी बाग दे."

कातळ म्हणाला, "मला फोडू नकोस. माझ्या भेगांत मूठमूठ माती घाल. माझ्या अंगावर आपसूक उगवतं, तेवढंच लाव." आणि काय सांगू, एकेक भेग समईसारखी उजळली! सगुणानं त्यांत पिवळ्या फुलांची सोनकी पेरली, कोरफड लावली, पानफुटी लावली. कोंडूनं बसल्या जागी काळेपांढरे गोटे नागमोडी रचले.

पुढे सगुणा गेली. कोंडूनं दहा दिवस उंबरा ओलांडला नाही. बागेला कुणी थेंबभर पाणी घातलं नाही. अकराव्या दिवशी तिनं दार उघडलं. सगळा कातळ पिवळाधमक फुलला होता. ती पायरीवर बसली आणि "आये, आये" म्हणत पोटभर रडली.

मग बाग बघायला माणसं येऊ लागली, पोरंबाळं येऊ लागली. कोंडू कधी एकटी पडली नाही. त्या फुलांतच सुखानं म्हातारी झाली. झाली गोष्ट. घ्या पांघरूण, आणि निजा आता.