ठकाईची खिडकी

शेवरवाडीत प्रत्येक घराच्या मागे अशी दगडी ताल आहे. डोंगराची माती घरावर येऊ नये म्हणून बांधलेली, नुसत्या दगडांची भिंत. नीट बघा, मधोमध एक दगड नाही. पाहुणे विचारतात, पडला का? पडला नाही, ठेवलेलाच नाही. त्या फटीला आम्ही ठकाईची खिडकी म्हणतो.

इथलं पहिलं घर सुभाना पाथरवटाचं, असं सांगतात. त्याच्या भिंतीत मुंगी शिरायची नाही, आणि त्याचा त्याला ताठाही होता. घरामागची ताल त्याने तशीच बांधली, सांधेसुद्धा चुन्याने लिंपले. मोठा पाऊस झाला तशी ती पोटातून फुगली आणि कोसळली. त्याने पुन्हा बांधली, आणखी घट्ट. तीही गेली. लोक म्हणाले, डोंगर माणूस मागतोय. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

पुढच्या पावसात ताल अर्धीच उभी होती आणि वरची दरड तडकली. घरात सुभानाची बायको बाळंतपणाच्या कळा देत होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. तेव्हा सुभानाची म्हातारी आई, ठकाई, उठली आणि तालीच्या मागे जाऊन बसली. "मला आत घे नि बांध," म्हणाली. सुभानाने हातोडा टाकला, तिचे पाय धरले. तिने होणाऱ्या नातवंडाची शपथ घातली. मागितलं एवढंच, की एक दगड ठेवू नको, मला घर दिसू दे.

थर चढवताना तो रडत विचारी, "आये, घर दिसतंय का?"

"दिसतंय रं. बांध तू."

पाऊस कोसळला. घरातून बाळाचा आवाज आला तसा सुभाना त्या फटीकडे धावला. "आये, मुलगी झाली!" आतून उत्तर आलं नाही. फटीतून गढूळ पाण्याची धार लागली होती आणि ताल तसूभर हलली नव्हती.

गावाने ठकाईच्या नावाने नारळ फोडले. सुभाना मात्र त्या धारेकडे बघत बसला म्हणे. पाथरवटच तो, त्याला कळलं. डोंगराला माणूस नको होता. मागे तुंबणाऱ्या पाण्याला बाहेर यायला जागा हवी होती, आणि तेवढी जागा त्याने आधीच ठेवली असती तर आई आज नात मांडीवर घेऊन बसली असती.

आजही शेवरवाडीत ताल बांधताना घरातली सगळ्यात वयस्कर बाई मागे जाऊन उभी राहते. गवंडी खिडकीशी वाकून विचारतो, "आये, घर दिसतंय का?" ती म्हणते, "दिसतंय, बांध." मग सगळे हातातलं काम ठेवतात. तिच्या लेकाने हात देऊन तिला बाहेर ओढून घेतल्याशिवाय आमच्याकडे वरचा थर चढत नाही.