उजव्या वळणाचे पोपट

पोपट चुगली करतात, हे मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. कुणी विश्वास ठेवला नाही. कंबर धरली म्हणून मी गुपचूप वैदूकडे गेले, सोबत फक्त खांद्यावरचा पोपट. दुसऱ्या दिवशी दारात तीन तेलवाले उभे! शेजारीण म्हणाली, "गोजराबाई, तुझी चाल बघून आंधळ्यालाही कळेल."

खैरगडच्या दिवाणानं, अंताजीपंतानं, घरटी एक वाटाड्या पोपट फुकट वाटला होता. खांद्यावर बसायचा, वाट सांगायचा, सांज झाली की दिवाणाच्या गच्चीवर उडून जायचा. तिथं कशाला जातो, हे कुणी विचारलं नाही. पोपट आले म्हणून दिवाणानं वाटेवरचे खुणेचे दगड काढले आणि त्यांचाच स्वतःला गोठा बांधला. त्यावरही कुणी बोललं नाही.

तीन वर्षांनी एका सकाळी सगळे पोपट एका सुरात बोलले, "डावं वळण फुकट. उजव्याला एक मोहर."

न देता उजवीकडे वळलं की गुन्हा. मग काय, सगळं राज्य डावीकडे वळायला लागलं. एक वरात तर तीन दिवस मारुतीच्या देवळाभोवती फिरत राहिली. नवऱ्याला दाढी आली.

मी सुईण. अडलेली बाई माझ्यासाठी थांबेल, मूल थांबत नाही. कुंभारवाड्यातून सांगावा आला आणि मी सरळ उजवीकडे वळले. मुलगा झाला. सांजेला पोपटानं सांगितलं, सकाळी शिपाई दारात. दरबारात उभी राहून मी म्हटलं, पोपट नकोतच आम्हाला.

राजा दुर्गोजी हट्टी माणूस. म्हणाला, "पोपटाशिवाय माणूस वाट चुकतो. दिवाणांनी सिद्ध केलंय."

"महाराज, पोपट नव्हते तेव्हा तुमच्या आजोबांची वरात काय चुकून तुमच्या आजीच्या दारात गेली?"

दरबार खाली बघून हसला. राजाचे कान लाल झाले.

"ठीक आहे. उद्या मी राज्यात कुठंतरी लपतो. सूर्य डोक्यावर यायच्या आत मला शोध. पोपट नाही, कुठल्या माणसाला विचारायचं नाही."

"आणि डोळे बांधून," दिवाण म्हणाला.

"डोळे बांधून. शोधलंस तर मागशील ते देईन. नाही शोधलंस तर जन्मभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही."

माझी रंगू पहिलटकरीण, दिवस भरलेले, चार कोसांवर माझी वाट बघत होती. तिच्या गावाला जायला सगळी वळणं उजवी.

पण राजाची एक खोड मला ठाऊक होती. वासरू पुढं चालल्याशिवाय त्याचा पाय वाड्याबाहेर पडायचा नाही. शकुन म्हणे! आणि वाड्यातलं तान्हं वासरू त्या वेळी एकच, कपिला गाईचा ढवळ्या. आठ दिवसांपूर्वी ते आडवं आलं होतं, मीच हात घालून बाहेर ओढलं होतं.

सकाळी दिवाणानं स्वतः माझे डोळे तीन पदरी फडक्यानं बांधले. मी चाचपडत वाड्याच्या गोठ्याशी गेले. कपिला हंबरून हंबरून दावं तोडायला आली होती. कास हाताला तटतटलेली लागली, म्हणजे वासरू पहाटेपासून गायब.

"गाय सोड," मी गोठेवाल्याला म्हणाले.

"माणसाला विचारायचं नाही असं ठरलंय," दिवाण म्हणाला.

"विचारलं कुठं? सांगितलं."

मी कपिलेची शेपटी धरली. मग जी निघाली ती गाय! ओढ्यातून, ज्वारीतून, कुणाच्या वाळवणातून. दिवाण साक्षीदार म्हणून घोड्यावर मागं. पहिल्याच कोपऱ्यावर कपिला उजवीकडे वळली आणि दिवाणाचा पोपट बोलला, "उजवं वळण. एक मोहर."

"अरे, मी दिवाण आहे!"

"सूट कुणालाच नाही. फर्मान तुमचंच."

दिवाण चिक्कू. तीनदा डावीकडे वळायला गेला, त्याच्या घोड्याच्या टापा लांब लांब गेल्या.

कपिला थांबली ती एका तेल्याच्या पडवीत. तिथल्या धान्याच्या कणगीतून बारीक हंबरणं आलं. कपिलेनं डोकं लावून कणगी आडवी केली. मी फडकं सोडून बघते तो आतून आधी वासरू निघालं, मागून राजा. पगडीचं टोक वासराच्या तोंडात.

"फितुरी!" राजा ओरडला. "मी इथं आहे हे राणीलासुद्धा माहीत नव्हतं. कुणी सांगितलं?"

"राग आला, महाराज?"

"येणार नाही? मी कुठं जातो, कुठं बसतो, हे दुसऱ्याला सांगणारा तो कोण टिकोजी?"

"तुमचं एका सकाळचं सांगितलं तर एवढा राग. आमचं तीन वर्षं रोज सांजेला सांगतात."

तेवढ्यात दिवाण आला, घामानं निथळत, गरगरलेला. राजाला बघताच त्याच्या खांद्यावरचा पोपट घडाघडा बोलला, "महाराज तेल्याच्या कणगीत. सोबत वासरू. पगडी चघळलेली. सांजेला गच्चीवर कळवतो."

राजानं पोपटाकडे बघितलं, दिवाणाकडे बघितलं, आणि असा हसला की अंगाला चिकटलेला कणगीतला कोंडा उडाला.

"माग, गोजराबाई."

"पोपट रानात. दगड पुन्हा वाटेवर, दिवाणांनी स्वतः उचलून. आणि तुमची गाडी आत्ता, या पावली. लेक खोळंबलीय."

"दिलं. ही कपिलाही तुझी, बाळंतिणीला दूध होईल." गाडी आली, बैल जुंपले. दिवाण गोठ्याच्या भिंतीचा हिशेब मनात करत खाली बसला. मी गाडीत पाय ठेवला तसा राजानं जू धरलं.

"पण फितूर कोण ते सांगून जा. मी त्याला सोडणार नाही."

मी कपिलेच्या कासेकडे बोट केलं. तिथं तोंडाला फेस आणून, शेपटी उडवत, ढुशा देत पीत होता ढवळ्या.