ब्लॉक केलेल्या माणसाची प्रत

एकदा एका वृद्ध संगणकतज्ज्ञाने दृष्टिहीनांना मराठी मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचा सारा कोड एका संकेतस्थळावर खुला ठेवला. कुणीही तो न्यावा, बदलावा, इतरांना द्यावा, अशी जाहीर ग्वाहीही दिली. पुढे फार थकल्यावर या सरांनी प्रोग्रामची देखभाल आपल्या शिष्येकडे, मृण्मयीकडे सोपवली.

संकेतस्थळावरच्या चर्चेत उद्धव नावाचा एक माणूस येऊ लागला. चुका दाखवता दाखवता तो मृण्मयीची अक्कल काढी, आईबापांपर्यंत जाई. तिने समजावलं, विनवलं. उपयोग झाला नाही. ती संगणक उघडायचंच टाळू लागली.

हे कळताच सरांनी स्वतः त्याला ब्लॉक केलं. "पोरी, आधीच सांगायचंस ना," एवढंच म्हणाले.

तिला हायसं वाटलं. पण ब्लॉक झालेल्या माणसाला त्या संकेतस्थळावर कोडची स्वतःची प्रत करता येत नसे. हे ध्यानात येताच सरांनी संपूर्ण कोड दुसऱ्या एका ठिकाणी, नावगाव न विचारता कुणालाही घेता येईल असा ठेवला आणि तिथला पत्ता उद्धवला कळवला.

मृण्मयीचे डोळे भरून आले. "सर, त्याने मला इतकं घालूनपाडून बोलावं आणि तुम्ही त्याची सोय करावी?"

"बाळ, तुझ्याशी बोलायला मिळणं हा त्याचा हक्क नव्हता. ती तुझी मर्जी होती, ती संपली. कोड मात्र आपण सर्वांना दिलाय. त्या सर्वांत आपल्याला नकोशी वाटणारी माणसंही आली. त्यांना वगळलं, तर आपण दिलं ते स्वातंत्र्य नव्हे, मेहेरबानी."

"पण त्याला तो कशाला हवाय?"

"मला ठाऊक नाही. आणि ते विचारायचंही नसतं."

तिला पटलं, मन मात्र लगेच निवलं नाही.

काही महिन्यांनी उद्धवने आपली सुधारलेली प्रत तशीच सर्वांसाठी खुली केल्याचं तिच्या कानावर आलं. तिने ती लावून पाहिली. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन निराळे च प्रोग्राम आता अचूक उच्चारत होता. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. सोबत क्षमेचा एक शब्दही नव्हता. तिने ती दुरुस्ती आपल्या कोडमध्ये घेतली आणि शेजारी उद्धवचं नाव लिहिलं.

"ब्लॉक काढायचा का?" सरांनी हळूच विचारलं.

"नको सर. अजून नको."

"बरं," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

सर्वांना म्हणून दिलेलं सर्वांचंच राहू द्यावं. आपलं मन कुणापुढे उघडायचं, हे मात्र आपणच ठरवावं.