येसूच्या सुपातले तांदूळ

एकदा एका वृद्ध वैद्यीणबाईंच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. बुद्धी तल्लख, हाताला गुण, नाडी अचूक ओळखायची. धीर मात्र तिच्यापाशी औषधालाही नव्हता. आणि त्या दिवसांत येसू नावाच्या बाईने तिचे डोके अगदी उठवले होते.

येसू विणकराची विधवा. पदरात दोन पोरे. नवरा तापाने गेला आणि त्याचे क्रियाकर्म आटोपल्यावर तिला कळले, की आपल्याला दिवस गेले आहेत. मागावर चालणारे हात तिचे एकटीचे, आणि खाणारे तोंड आणखी एक येणार. त्याच गावात एका व्यापाऱ्याच्या घरी इतकी वर्षे पाळणा हलला नव्हता. मूल आम्हाला दत्तक द्या, असा निरोप त्याच्या बायकोने धाडला होता. द्यायचे की ठेवायचे, प्रश्न एवढाच; आणि तो येसूला सुटत नव्हता.

ती रोज सकाळी काढा घ्यायला येई. वैद्यीणबाईंना सारे गाव आक्का म्हणे. त्या विचारत, "आज काय म्हणतेस, येसू?"

"देते, आक्का. तिकडं दूधतूप तरी खाईल."

"बरं."

दुसऱ्या दिवशी येसू म्हणे, "नाही देत. माझ्या पोटचं आहे ते."

"बरं."

तिसऱ्या दिवशी पुन्हा देते, आणि आक्कांचे पुन्हा बरं. शिष्येच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. खलातल्या मुळ्यांवर ती असा राग काढी की त्यांचे पीठ होई. त्यात गाव होतेच. पाणवठ्यावर एक म्हणे, पोटचा गोळा देववतो तरी कसा बाई! दुसरी म्हणे, ठेवून काय उपाशी मारणार आहे? येसूच्या घरी ज्यांनी कधी पसाभर धान्य पोचवले नव्हते, त्यांचीच जीभ सर्वांत लांब. येसू सगळ्यांचे ऐके आणि सकाळी नवे उत्तर घेऊन येई.

"आक्का, तुम्ही सांगून टाका ना तिला एकदाचं," शिष्या एके दिवशी उसळून म्हणाली. "तुमचा शब्द ती मोडायची नाही."

"म्हणूनच सांगत नाही," आक्का म्हणाल्या आणि चूल फुंकू लागल्या.

हे ऐकून शिष्येचा उरलासुरला संयम सुटला. संध्याकाळी ती परस्पर व्यापाऱ्याच्या घरी गेली आणि सांगून आली, "मूल तुमचंच समजा."

दुसऱ्या दिवशी व्यापारी बायकोला घेऊन, शिसवी पाळणा गड्याच्या डोक्यावर देऊन, आक्कांच्या दारात हजर झाला. काढा घ्यायला आलेली येसू तो पाळणा पाहून उंबऱ्यातच थबकली.

"मी कधी शब्द दिला?" ती म्हणाली.

शिष्येने मान खाली घातली. आक्कांना सारे उमगले, पण त्या तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी येसूला घरून सुपात थोडे तांदूळ आणायला सांगितले, व्यापाऱ्याच्या बायकोला पाटावर बसवले आणि शिष्येला म्हणाल्या, "भर हिची ओटी."

हे काय भलतेच, असे वाटूनही शिष्येने सुपात हात घातला. आक्कांनी तिचे मनगट धरले.

"तांदूळ कुणाचे?"

"येसूचे."

"मग हात तुझा कसा?" त्या येसूकडे वळल्या. "हे नुसते तांदूळ आहेत, मूल नाही. तुला भरावीशी वाटली तर भर."

व्यापारी पुढे सरसावला. "आक्का, काहीतरीच काय! विधवेच्या हातून ओटी?"

"तिचं मूल चालतं तुम्हाला, आणि तिच्या हातचे मूठभर तांदूळ चालत नाहीत?"

व्यापारी मागे सरला. त्याच्या बायकोने मात्र केव्हाच पदर पसरला होता. येसूने ओंजळीने तिची ओटी भरली. व्यापाऱ्याच्या बायकोनेही रीतीप्रमाणे ओटीतले चिमूटभर तांदूळ उचलून सुपात परत ठेवले.

"हे परत का ठेवलेस?" आक्कांनी विचारले.

"रीतच आहे ना ती. देणारीचं घर रिकामं राहू नये म्हणून."

"मग तिचं मूल नेशील, त्या दिवशी तिच्या घरी काय परत ठेवशील?"

व्यापाऱ्याच्या बायकोने ओटीतल्या तांदळांकडे पाहिले. मग तिचे डोळे भरून आले. "त्याला तुझं नाव सांगेन, येसू. आमचं दार तुला कधी बंद असणार नाही. याच्या पुढचा विचार मी केलाच नव्हता गं."

"मी आज काहीच कबूल करत नाही," येसू म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वतःचा होता. "बाळाचं तोंड बघितल्यावर सांगेन. तोवर पाळणा घेऊन जा."

व्यापारी काही बोलणार, तोच त्याची बायको उठली आणि पाळणा परत नेण्यासाठी उचलायला तिने स्वतः हात लावला.

सगळे गेल्यावर शिष्या रडू लागली. "पण आक्का, ती रोज बदलते हो!"

"मलाही वीट येतो गं रोज तेच ऐकून! मी काय दगडाची आहे?" आक्का पहिल्यांदाच तडकल्या. "ज्या दिवशी ती देते म्हणते, त्या दिवशी मूल दिलेली आई होऊन ती रात्र काढते. ठेवते म्हणते, त्या दिवशी तीन पोरांची आई होऊन मागावर बसते. दोन्ही आयुष्यं जगून बघतेय, कारण पुढं तिला एकच मिळणार आहे. तुला त्याचा कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याला तू दया म्हणालीस."

शिष्येने डोळे पुसले आणि खल पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी येसू आली तेव्हा आक्का आत होत्या. शिष्येने काढ्याचे भांडे तिच्या हाती दिले आणि बिचकत विचारले, "आज काय म्हणतेस, येसू?"

येसूने चमकून वर पाहिले. "देईन, असं वाटतंय. उद्या कदाचित नाही वाटणार."

"बरं," शिष्या म्हणाली. "मग उद्या पुन्हा सांग."

आपल्या ओळखीत एखादी अशा पेचात सापडली असेल, तर आधी तिलाच विचारावे. आणि तिने उत्तर दिले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे.